जावांतील पाहुण्याचें पान

जावा बेट पाहावयास जाणारा प्रवासी प्रथम बोरोबुदुरच्या पायऱ्या चढतो, नंतर प्रांबाननच्या देवळांवरील रामकथेचीं शिल्पें पाहतो, आणि दिवस मावळल्यावर योग्यकर्त्याच्या एखाद्या रस्त्याकडेला चटईवर मांडी घालून जेवावयास बसतो. देवळें पाहतांना तीं कोणत्या राजानें, कोणत्या शतकांत, कशासाठीं बांधलीं याची तो बारकाईनें चौकशी करतो. पुढ्यांतल्या केळीच्या पानावर जें वाढलें जातें त्याविषयीं मात्र अशी चौकशी करण्याचें त्याला सुचत नाहीं. 'हें येथील परंपरागत खाणें' एवढें ऐकून त्याचें समाधान होतें. जणूं काय 'परंपरागत' म्हटलें कीं पदार्थाचा इतिहास सांगून संपला! वस्तुतः इतिहासाला आरंभ तेथूनच व्हावयास पाहिजे. देवळें ही राजांची साक्ष होय; शेतकऱ्याची, त्याच्या बायकोची आणि बाजारांतल्या विक्रेतीची साक्ष काढावयाची असेल तर ती दगडांत सांपडणार नाहीं, पानावरच सांपडेल. ती साक्ष सर्वस्वीं सुखाची नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवलेलें बरें.

जावानी जेवणाचा पाया भात, नारळ आणि माडाचा गूळ या तिहींवर रचलेला आहे, व तो फार जुना आहे. नवव्या-दहाव्या शतकांतील जावानी शिलालेखांत व ताम्रपटांत एखादें गांव करमुक्त करून धर्मकार्याकडे लावून दिल्याची नोंद असते. आणि त्या प्रसंगीं जमलेल्या मंडळीला काय वाढलें होतें हेंहि कित्येकदां लिहिलेलें आढळतें. भात, खारवून वाळविलेले मासे, मांस, ताडी अशा वस्तु त्या याद्यांत येतात. दानाला साक्षीदार म्हणून पंगत बसवावयाची आणि पंगतींतले पदार्थहि लेखांत कोरावयाचे, ही चाल इतिहाससंशोधकाला फार उपकारक झाली आहे.

साखरेला जावानी भाषेंत 'गुला' म्हणतात. हा मूळचा संस्कृत 'गुड' शब्द. आपला 'गूळ' हा त्याचाच भाऊ. नारळाच्या किंवा आरेन नांवाच्या ताडवृक्षाच्या रसापासून केलेल्या काळसर गुळाला तेथें आजहि 'गुला जावा' असेंच म्हणतात. सकाळच्या बाजारांत बायका टोपल्यांतून जो 'जाजान पासार', म्हणजे बाजारचा खाऊ, विकतात त्यांत क्लेपोन नांवाचा पदार्थ असतो. चिकट तांदळाच्या पिठाची, पानांच्या रसानें हिरवी केलेली लहान गोळी. आंत गुळाचा खडा. उकळत्या पाण्यांत शिजवून ओल्या नारळाच्या किसांत घोळविलेली. दांतांखालीं फुटतांच वितळलेला गूळ तोंडभर पसरतो. मराठी पाहुण्याला उकडीचा मोदक आठवल्यावांचून राहणार नाहीं. भेद एवढाच कीं, मोदकांत खोबरें आणि गूळ दोन्हीं आंत नांदतात, क्लेपोनांत गूळ घरांत आणि खोबरें अंगणांत.

येथें एका मोहापासून वाचकाला सावध करणें अवश्य आहे. असा शब्द किंवा असा पदार्थ दृष्टीस पडला कीं, 'हें सारें आमच्याकडूनच तिकडे गेलें' असें म्हणण्याची आपल्याकडे फार जुनी संवय आहे. 'बृहत्तर भारत' या कल्पनेनें भारलेल्या एका पिढीनें जावाकडे पाहिलें तें आपलेंच प्रतिबिंब शोधण्यासाठीं. परंतु शब्द परदेशांतून आला म्हणून वस्तुहि तिकडूनच आली असें ठरत नाहीं. आपेम नांवाच्या तांदळाच्या फुगीर धिरड्याचें मलबारच्या 'अप्पम्'शीं नामसादृश्य व रूपसादृश्य उघड आहे. पण जावानी माणसाला विचारा. तो सांगेल कीं, हा शब्द क्षमावाचक अरबी 'अफ्व'पासून निघाला, आणि म्हणूनच उपवासाच्या महिन्यापूर्वीं पितरांच्या स्मरणार्थ आपेम वांटतात. क्लातेन जिल्ह्यांतील जातिनोम येथें दरवर्षीं सापार महिन्यांत की आगेंग ग्रिबिग या संतपुरुषाच्या नांवानें जमलेल्या समुदायावर हजारों आपेम उधळले जातात. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ति कदाचित् मानवणार नाहीं. तथापि ज्या समाजानें पदार्थ आपलासा केला त्यानें त्याला दिलेला अर्थ हाहि इतिहासच होय.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत जावांत इस्लामाचा प्रसार झाला. पण पंगतीची चाल मोडली नाहीं. जन्म, सुंता, लग्न, आणि मृत्यूनंतरचा तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा व हजारावा दिवस, अशा प्रत्येक प्रसंगीं 'स्लामेतान' होतें. शेजारचे पुरुष चटईवर बसतात, अरबींत प्रार्थना होते, आणि मध्यें भाताचा उंच शंकु, ज्याला तुम्पेंग म्हणतात तो, भाज्या व कोंबडी यांसह मांडलेला असतो. मंडळी चार घांस खातात आणि उरलेलें पानांत बांधून घरीं नेतात. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत जावानी धर्मजीवनाचा विचार याच साध्या पंगतीपासून सुरू केला, यांतच तिचें महत्त्व दिसून येतें. योग्यकर्त्याचा सुलतानहि वर्षांतून तीन वेळां गारेबेगच्या उत्सवांत अन्नाचे 'गुनुंगान', म्हणजे डोंगर, राजवाड्याबाहेर पाठवितो आणि लोक त्यांतला अंश मिळविण्यासाठीं तुटून पडतात. राजा देतो तो डोंगर आणि शेजारी देतो तो पानांतला पुडा, या दोहोंच्या मध्यें जावाच्या अन्नाचा इतिहास घडला आहे.

या पायावर परकीयांनीं पुष्कळ मजले चढविले. अमेरिका खंडांतून मिरची, भुईमूग, मका आणि कसावा हीं पिकें सोळाव्या शतकानंतर या बेटांत आलीं. उकडलेल्या पालेभाजीवर शेंगदाणे, मिरची व गुला जावा यांची दाट चटणी घालून 'पेचेल' करतात. हा पदार्थ जावाचा जीव कीं प्राण. पण त्या चटणीला तिखटपणा देणारी मिरची आणि अंग देणारा दाणा दोन्हीं अमेरिकेचीं. चिनी लोकांनीं 'ताहू', म्हणजे सोयाबीनच्या दुधाचें पनीर, आणि 'केचाप' आणलें. जावानी बायकांनीं त्या खारट केचापांत गूळ ओतून त्याचें दाट, गोड, काळें सार केलें, आणि आज त्याच्यावांचून जावाचें स्वयंपाकघर चालत नाहीं. सेमारांगची बांबूच्या कोंबांची लुम्पिया, योग्यकर्त्याची मुगाच्या सारणाची बाकपिया, हीं सारीं चिनी हातांचीं अपत्यें. या हातांना काय सोसावें लागलें तेंहि विसरतां येत नाहीं. १७४० मध्यें डचांच्या बटाव्हियांत हजारों चिन्यांची कत्तल झाली. वांचलेले पूर्वेकडे गेले. त्यांच्या बंडाला मिळालेल्या जावानी सरदारांच्या युद्धांत मातारामची राजधानी लुटली गेली, आणि १७४५ मध्यें दरबार सोलो येथें हलवावा लागला. त्याच सोलोंत पुढें डचांच्या 'बीफस्टेक'ला केचाप व जायफळ यांच्या पातळ गोड रसांत बुडवून 'सेलात' तयार झालें. जेत्याचा पदार्थ घेऊन त्याची रुचि मात्र आपली ठेवली, असें हें उदाहरण आहे.

आतां गोडीच्या प्रश्नाकडे वळूं. योग्यकर्त्यास गेलेला पाहुणा प्रथम गुडेग मागतो. कोवळा फणस नारळाच्या दुधांत गुला जावा घालून कित्येक तास मंद आंचेवर शिजवितात. सागाच्या पानांनीं त्याला तांबूस रंग येतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मातारामच्या राजधानीसाठीं रान तोडतांना फणस व नारळ अतोनात सांपडले, ते सैनिकांनीं मोठ्या कढईंत शिजविले, आणि तेव्हांपासून गुडेग झालें, अशी दंतकथा आहे. भाजी इतकी गोड कां, असें विचारल्यास एक ठराविक उत्तर मिळतें: 'डचांनीं आमच्याकडून ऊंस लावविला, भात कमी झाला, साखर उरली, म्हणून आम्ही गोड खाऊं लागलों.'

हें उत्तर मनाला पटण्यासारखें असलें तरी तपासून पाहिलें पाहिजे. १८३० मध्यें गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉश यानें अशी पद्धति सुरू केली कीं, प्रत्येक गांवानें आपल्या जमिनीचा पांचवा हिस्सा सरकारला हवीं तीं निर्यातीचीं पिकें काढण्यास द्यावा. पांचवा हिस्सा हा कागदावरचा. प्रत्यक्षांत तो पुष्कळ ठिकाणीं वाढला. नीळ, कॉफी आणि ऊंस यांच्या विक्रीनें हॉलंडची तिजोरी भरली. ऊंसाला पाणी हवें, म्हणून तो भाताच्याच पाटस्थळ जमिनींत लावीत. येथवर सर्व खरें. पण गुडेगांत पडणारा गूळ माडाचा आहे, गिरणीचा नव्हे. गिरणीची पांढरी साखर मुख्यतः जहाजांत भरण्यासाठीं होती. शिवाय साखरेच्या गिरण्यांची सर्वांत दाट वस्ती पूर्व जावांत, पासुरुआन व सुराबाया यांच्या आसपास होती. आणि पूर्व जावाचें जेवण मध्य जावाच्या मानानें खारट व तिखट! ऊंसानें जीभ गोड केली असती तर ती तेथें आधीं व्हावयास हवी होती. सारांश, ऊंसानें जावानी माणसाच्या तोंडांत साखर घातली असें म्हणण्यापेक्षां त्याच्या ताटांतला भात काढून घेतला असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल. १८४९-५० मध्यें डेमाक व ग्रोबोगान या जिल्ह्यांत भीषण दुष्काळ पडून असंख्य माणसें मेलीं व असंख्य परागंदा झालीं. दहा वर्षांनीं, १८६० मध्यें, मुलतातुली या टोपणनांवानें एका माजी डच अधिकाऱ्यानें 'माक्स हाव्हेलार' ही कादंबरी लिहून आपल्या देशबांधवांच्या सद्सद्विवेकबुद्धीला डिवचलें.

या साखरेशीं आपला संबंध दूरचा नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जावाच्या साखरेचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थानच होता, आणि मुंबई बंदरांत उतरलेली ही साखर आपल्याकडील सणावारांनाहि लागत असे. १९३२ मध्यें हिंदुस्थानांतील साखरधंद्याला संरक्षक जकातीचा आधार मिळाला आणि आपल्याकडे कारखाने उभे राहिले. जगांतल्या मंदीची त्यांत भर पडली. जावांत वर्षाला ३० लक्ष टनांच्या घरांत गेलेलें उत्पादन १९३५ पर्यंत पांच-सहा लक्षांवर घसरलें. गिरण्या बंद झाल्या, आणि त्यांवर पोसलेले मजूर उघडे पडले. याहून विशेष हें कीं, पासुरुआनच्या प्रयोगक्षेत्रांत १९२१ मध्यें संकरानें तयार झालेली 'पी. ओ. जे. २८७८' ही जात कोइमतूर येथें नव्या संकराला वापरण्यांत आली व तिच्यापासून 'को. ४१९' ऊंस निघाला. महाराष्ट्राच्या कालव्यांखालीं ज्या '४१९' नें कित्येक वर्षें राज्य केलें त्याचें एक आजोळ जावांत आहे. आपल्या गोडीचा आणि त्यांच्या उपासमारीचा हा धागा मराठी पाहुण्यानें तरी ओळखावा.

भात कमी पडला तेव्हां जावानी गृहिणीनें काय केलें? याचें उत्तर दोन पदार्थांत आहे. पहिला तेम्पे. सोयाबीन भिजवावयाचें, उकडावयाचें, चोळून सालें काढावयाचीं, आणि निवाल्यावर त्यांत एका बुरशीचें विरजण मिसळून पानांत बांधून ठेवावयाचें. हें विरजण जास्वंदीच्या कुळांतील वारू नांवाच्या झाडाच्या पानांवर धरीत. त्या पानांच्या पाठीवरील लवेंत बुरशी चांगली टिकते. सुमारें दोन दिवसांत पांढऱ्या तंतूंनीं दाणे एकमेकांस जखडले जाऊन घट्ट वडी तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सोलोच्या युवराजाच्या आज्ञेनें रचलेल्या 'सेरात चेंटिनी' या विश्वकोशासारख्या काव्यांत तेम्पेचा उल्लेख आहे. म्हणजे पदार्थ त्याहून जुना. ज्यांना मांस क्वचितच मिळे त्यांचें हें मांस. पण तें स्वस्त, म्हणून हीन! स्वातंत्र्यानंतर सुकार्णो यांनीं आपल्या भाषणांतून 'आपण तेम्पेसारखें राष्ट्र होऊं नये' अशा अर्थाचें बजावलें होतें. तेम्पे म्हणजे मऊ, दुबळें, कवडीमोल. परंतु १९४२ ते १९४५ या जपानी अंमलांत छावण्यांतल्या अर्धपोटीं युरोपीय कैद्यांना नुसतें उकडलेलें सोयाबीन पचेना आणि तेम्पे पचे, हा अनुभव आला. नंतर पाश्चात्य शास्त्रज्ञांनीं त्याचा अभ्यास केला, आणि आज तेंच तेम्पे जगभर पौष्टिक म्हणून वाखाणलें जातें.

येथें केवळ कौतुक करून थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. बान्युमास भागांतले अत्यंत गरीब लोक सोयाबीनहि परवडत नसल्यामुळें नारळाचें तेल काढून उरलेल्या चोथ्याचें तेम्पे करीत. त्याला 'बोंक्रेक' म्हणत. त्यांत कधींकधीं एक जीवाणु शिरून प्राणघातक विष तयार होई, आणि एका जेवणानें घरचीं घरें बसत. डच शास्त्रज्ञांनीं १९३० नंतरच्या दशकांत या विषाचा शोध लावला. तरीहि विसाव्या शतकांत त्यानें शेंकडों बळी घेतले, व अखेर सरकारला बोंक्रेकवर बंदी घालावी लागली. विषाची माहिती असूनहि माणसें तें खात होतीं, कारण दुसरें परवडत नव्हतें. 'परंपरेचें ज्ञान' असें सरसकट म्हणणाऱ्यांनीं ही बाजू डोळ्यांआड करूं नये.

दुसरा पदार्थ टिवुल. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा कसावा. तो सोलून उन्हांत वाळवितात. त्या काळपट तुकड्यांना गापलेक म्हणतात. ते कुटून, पीठ करून, कण्या वळून वाफवावयाच्या, कीं टिवुल झालें. योग्यकर्त्याच्या आग्नेयेकडील व पूर्वेकडील गुनुंग किडुल, वोनोगिरी, पाचितान हे चुनखडीचे, पाण्याला पारखे डोंगराळ प्रदेश पिढ्यान्पिढ्या यावर जगले. जपान्यांनीं सक्तीनें तांदूळ वसूल केला तेव्हां इतर भागांनाहि हेंच खावें लागलें. १९६३ च्या सुमारास गुनुंग किडुलांत अवर्षणानें पिकें बुडालीं तेव्हां गापलेकहि पुरलें नाहीं. पुढें सरकारी धोरण भातावर केंद्रित झालें, १९८४ मध्यें देश तांदुळांत स्वयंपूर्ण झाल्याचें जाहीर झालें, आणि टिवुल खाणें हें दारिद्र्याचें लक्षण ठरलें. ज्या घरांत तें शिजे त्या घरच्या मुलांना तें सांगण्याची लाज वाटूं लागली. आणि आज? त्याच गुनुंग किडुलांत टिवुल गूळ-खोबरें घालून, सुबक पुडक्यांत बांधून, पाहुण्यांना भेट म्हणून विकलें जातें.

हें पाहून हंसावें कीं रडावें? आमच्या मतें दोन्हीं नको. पाहुण्यांपुढें जावाचें ताट मांडण्याच्या दोन रीती इतिहासांत दिसतात. एक डच अमदानींतली 'रैस्टताफेल', म्हणजे भाताचें मेज. बटाव्हियाच्या 'होटेल देस इंडेस'मध्यें अनवाणी नोकरांची रांग एकेक बशी घेऊन येई आणि साहेब सर्वांतलें थोडें थोडें घेई. ज्या बेटांत दुष्काळ पडले त्याच बेटांचें दर्शन भरगच्च मेजावर घडविण्याची ही युक्ति होती. दुसरी रीत सुकार्णो यांच्या सरकारची. त्यांच्या आज्ञेनें देशभरच्या पाककृति गोळा करण्यांत आल्या, आणि 'मुस्तिका रासा' या नांवाचा अकराशेंहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९६७ मध्यें, म्हणजे त्यांची सत्ता गेल्यावर, प्रसिद्ध झाला. 'रासा' म्हणजे आपला 'रस'च. राजांच्या मेजवान्यांप्रमाणें गांवोगांवच्या साध्या पदार्थांनाहि राष्ट्राच्या ग्रंथांत पान मिळालें, ही गोष्ट लहान नाहीं.

तरीहि प्रश्न संपले असें नाहीं. तेम्पेला लागणारें बहुतेक सोयाबीन आतां परदेशांतून, विशेषतः अमेरिकेंतून, येतें. २००८ च्या जानेवारींत त्याचे भाव कडाडले तेव्हां हजारों तेम्पे करणारे जकार्तांत रस्त्यावर उतरले. 'परंपरागत' वडी केळीच्या पानांतली असेल, दाणा मात्र समुद्रापलीकडचा, आणि त्याची किंमत ठरविणारा त्याहूनहि दूरचा.

असो. जावांत जाणाऱ्या वाचकाला आम्ही एवढेंच सुचवूं. सकाळीं बाजारांत क्लेपोन आणि कसाव्याचें गेटुक खावें. बाटल्यांची टोपली पाठीशीं बांधून फिरणारी जामूवाली भेटली तर हळद-चिंचेचा पेला घ्यावा. दुपारीं पेचेल आणि तळलेलें तेम्पे, रात्रीं गुडेग घ्यावें. कोणी स्लामेतानला बोलाविलें तर अवश्य जावें, चार घांस खावे, आणि इतरांप्रमाणें पुडा बांधून आणावा. टिवुलहि खावें. त्याची चव फारशी लागणार नाहीं. पण वाढणारी बाई वयस्क असेल तर तिला हळूच विचारावें कीं, लहानपणीं आपण हें आवडीनें खात होतां, कीं दुसरें नव्हतें म्हणून? ती काय सांगेल तें शांतपणें ऐकावें, आणि पान पुरतें संपवून उठावें.